तिनं जोडलेली कॉइल

माझी बायको पोळ्याच्या आधी गेली. दम्यानं गेली. चुलीचा धूर तिला सोसत नव्हता, म्हणून आम्ही कारंजाच्या बाजारातून विजेची शेगडी आणली होती. चहा, वरण, अंघोळीचं पाणी, सगळं त्या शेगडीवरच.

शेगडीची कॉइल जळून तुटायची. तुटली म्हणून लगेच नवी आणायची, असं आमच्याकडं कोणी करत नाही. प्लग काढायचा, जळकी टोकं मोडून टाकायची, चांगली टोकं एकमेकांत अडकवायची आणि कॉइल ताणून परत खाचेत बसवायची. हे काम ती मला करू द्यायची नाही. तुमचे हात वखराचे, तोडून ठेवसान, म्हणायची. दर खेपेला तार थोडी आखूड व्हायची आणि ती खूश व्हायची. तार कमी झाली की शेगडी लाइटही कमी खाईल, हा तिचा हिशेब. मलाही तो पटला होता. एक बैल कमी केला तर कुटार कमीच लागते. वरून शेगडी पहिल्यापेक्षा लाल व्हायची, हे शेजारणींना ती बोलावून दाखवायची.

ती गेल्यावर मी त्याच शेगडीवर खिचडी टाकतो. परवा भिंतीतलं सॉकेट काळं पडलं, वायर मऊ झाली, जळका वास सुटला. गल्लीतल्या वायरमनला बोलावलं. तिच्या हातचं खाऊनच वाढलेला माणूस. त्यानं चिमट्यासारखं मीटर वायरीला लावलं आणि कॉइल कितींदा जोडली म्हणून विचारलं. मी म्हटलं, मोजलं कोणी?

मग खाली बसून त्यानं मला समजावलं. मी चौथी शिकलो, पण भागाकार येतो. व्होल्ट हा रेटा, अँपिअर म्हणजे तारेतून वाहतो तो करंट. आपल्याकडं दोनशे व्होल्ट येतात, ही शेगडी आठ अँपिअर ओढते. दोनशेला आठानं भागलं की पंचवीस ओहम, तो तारेचा अडथळा. नव्या कॉइलचा पन्नासाच्या आसपास, ती चारच अँपिअर ओढते. तार आखूड झाली, अडथळा घटला, करंट वाढला. आणि व्होल्टला अँपिअरनं गुणलं की वॅट. नवी आठशे खाईल, ही सोळाशे खाऊन राह्यली.

मी मनात गुणून पाहिलं. बरोबर होतं. इतकी वर्षं तिचा हिशेब उलटा होता.

"काका, हे काढाच लागते. नाही तं घर पेटवसान," तो म्हणाला.

"तिनं जोडलेली हाय ते."

"मले मालूम हाय. काकूचं काम सफाईचं होतं, म्हणून तं आजवर टिकली."

"मंग राहू दे ना."

त्यानं मीटर खाली ठेवलं. लुगडी लेकीनं नेली, अंथरूण मसणात दिलं. तिच्या हातचं म्हणावं असं घरात तारेतल्या त्या गाठींशिवाय काही उरलं नव्हतं. हे मी त्याला सांगितलं नाही, पण त्याला कळलं असावं. तो हळूच म्हणाला, "घर जळालं तं तुमी राहसान कुठं?"

मी शेगडी त्याच्यापुढं सरकवली. प्लग त्यानं काढला, कॉइल मी माझ्या हातानं उचकटली. तार इकडून तिकडून वाकली, पण तिची एकही गाठ सुटली नाही.

नव्या कॉइलवर चहाला दुप्पट वेळ लागतो. वायरमन म्हणतो, ताकद निम्मी, तं वेळ लागनच. त्याचं बरोबर आहे. पण पातेल्यापुढं एकट्यानं बसून तेवढा वेळ करायचं काय, हे मी त्याला विचारलं नाही.