चाकणच्या किल्ल्यातलं भूत

सिनेमा पडद्यावर दोन तासांत संपतो. तो करताना झालेल्या फजित्या मात्र माणसाला जन्मभर पुरतात. माझ्या फजित्या मी मित्रांना हसत सांगतो खरा, पण सांगून झालं की कान गरम होतात.

लंडनला सिनेमा शिकून परतलो तेव्हा मला वाटायचं, नुकताच स्वतंत्र झालेला देश माझीच वाट बघतोय. माझ्या सिनेमाची गोष्ट चाकणच्या किल्ल्यातली. किल्लेदाराचा खून कोणी केला याचा शोध, त्यात तलवारबाजी, आणि शेवटी खुद्द किल्लेदाराचं भूत. आसपासची पंचवीस माणसं सैन्य म्हणून घेतली आणि पहिल्याच सकाळी त्यांच्यापुढे वास्तववादावर अर्धा तास बोललो. सगळ्यांनी मन लावून ऐकलं. मग एका म्हाताऱ्यानं विचारलं, "साहेब, जेवान कुनाकडं हाय?"

*

लढाईनंतरचा शॉट. मी म्हटलं, मरून पडा, वेडेवाकडे, कसेही. वळून बघतो तर अठरा मुडदे एका रांगेत, पेरल्यासारखे, सगळ्यांची डोकी पूर्वेला!

चौकशी केली तेव्हा कळलं, दक्षिणेकडे पाय फक्त मेलेल्याचे करतात.

"अहो, तुम्ही मेलेलेच आहात."

"ते तुमच्या शिनेमात," एक मुडदा झोपूनच म्हणाला. "घरी बायकापोरं हायेत."

अंधश्रद्धेवर मी बरंच सुनावलं. दुपारी जरा आडवा व्हायला गेलो आणि आधी खाट फिरवून घेतली. कॅमेरामन दारातच उभा होता.

*

आमच्या तलवारी चाकणच्या रहीमभाईंनी केल्या. त्यांचं सायकलदुरुस्तीचं दुकान होतं. माणूस उंचापुरा, दाढी भरघोस. मी न विचारताच त्यांना शत्रूचा सरदार करून टाकलं.

पोशाख हातात घेऊन ते म्हणाले, आमचे वाडवडील याच किल्ल्यावरून तोफा डागायचे.

मी उत्साहानं विचारलं, "आमच्याकडून?"

"आपल्याकडून," रहीमभाई म्हणाले. मग त्यांनी पोशाखाची नीट घडी घातली आणि ती माझ्या हातात ठेवली.

*

किल्लेदाराचं भूत झाला होता सखाराम. जमीन नाही, घरात खाणारी सहा तोंडं. पिंपरीला नवा कारखाना उभा राहत होता आणि त्या दिवशी दोन वाजता तिथे भरती होती. अकराला सोडतो, असा शब्द मी त्याला दिला होता.

अकराला ऊन सुरेख आलं. मी म्हटलं, एकच टेक. मग आणखी एक. सखाराम सूर्याकडे बघायचा आणि पुन्हा बुरुजावर चढायचा. साडेबारा वाजले. तोंडाचा पांढरा रंग मी स्वतः लंडनच्या वहीतली कृती बघून बनवला होता. तो पाण्यानं निघेना, रॉकेलनंही निघेना. शेवटी सखाराम तसाच उसनी सायकल मारत गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानंच सगळ्यांना सांगितलं. फाटकावरच्या कारकुनानं त्याला खालून वर न्याहाळलं आणि विचारलं, आधी काय काम करत होतास?

"म्या म्हनलं, भूत व्हतो."

सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. मग विचारलं, "आणि नोकरी?"

"रांगेतनं भाईर काढलं."

मी म्हटलं, आत्ता पिंपरीला जातो, साहेबाला इंग्रजीत सगळं समजावतो, चूक माझी आहे.

"ऱ्हाऊ द्या. भरती झाली कालच."

तो माझ्यासमोर खोक्यावर बसला, डोळे मिटले आणि तोंड वर केलं.

"लावा," तो म्हणाला. "आज कुटं जायाचं न्हाई."