मच्छरासारखी माशी

उन्हाळ्यात सायकलच्या सीटवर पाणी ओतल्याशिवाय बसता येत नाही, अशा धुळ्यात आमच्या सरकारी फार्मवर एक काचघर होतं. थंड मुलखात रोपांना ऊब मिळावी म्हणून अशी घरं बांधतात. आमच्याकडे ते योजनेत मंजूर झालं, म्हणून बांधलं. धुळ्यात ऊब कमी पडते का, असं विचारायची कुणाची प्राज्ञा नव्हती. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे कृषी सहायक म्हणून नवाच लागलो होतो, त्यामुळे माझी तर नव्हतीच.

काचघर सांभाळायला सोनगीरचे एक आबा होते, रोजंदारीवर. दोन उन्हाळे त्यांची रोपं आत शिजून गेली होती. तिसऱ्या खेपेला फार्मचे साहेब म्हणाले, "आबा, कारल्याची रोपं जगवून दाखवा, तुमचं नाव कायमसाठी पाठवतो." तेव्हापासून आबा दिवसभर पाणी मारत. त्यासाठी पत्र्याचं एक मोठं टिपड कोपऱ्यात कायम पाण्यानं भरलेलं असे. रोपं जगली, पण कुंड्यांतली माती सदा ओली राहिल्यामुळे बारीक काळ्या माशांचे थवे उठू लागले.

त्या ओळखायचं काम माझ्याकडे आलं. भिंग घेतलं, पुस्तकातलं चित्र शेजारी ठेवलं. लांब पाय, मण्यांच्या माळेसारख्या मिशा, पंखावर दुबेळक्यासारखी, दोन फाट्यांत फुटलेली शीर. ओल्या मातीतली बुरशी खाणारी माशी. पाणी कमी केलं की आपोआप जाते. इथेच थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण मला निबंध लिहायची हौस. अहवालात मी लिहिलं : 'दिसायला मच्छरासारखी माशी.'

हेडक्लार्कनी 'मच्छर' या शब्दाखाली लाल रेघ ओढली. "माशी असेल तर शेतीखातं. मच्छर असेल तर मलेरिया ऑफिस. कागद तिकडे जाईल."

"पण ती माशीच आहे."

"मग मच्छर कशाला लिहिलं?"

कागद गेला आणि चौथ्या दिवशी मलेरियाचे इन्स्पेक्टर फवारणीचा पंप घेऊन हजर. आबांचा चेहरा उतरला. काकडी-कारल्याच्या वेलांना पंपातली डीडीटी पावडर सोसत नाही, पानं जळतात. इन्स्पेक्टर माणूस भला होता. म्हणाला, "मच्छर चावतो, तुमची ही माशी चावत नाही ना? मग बसून बघू."

दिवेलागणीला आम्ही चौघं काचघरात बसलो : इन्स्पेक्टर, हेडक्लार्क, मी आणि आबा. शर्ट काढून, हात मांडीवर पसरून, सत्यनारायणाला बसल्यासारखे. घामाच्या धारा लागल्या. माशा अंगाखांद्यावर येऊन बसत, उडत. दर पाच मिनिटांनी इन्स्पेक्टर विचारी, "चावलं कुणाला?" हेडक्लार्क वहीत 'निरंक' लिहीत.

तेवढ्यात टिपडाच्या बाजूनं एक गुणगुण आली आणि आबांच्या दंडावर बसली. शेपूट वर करून, मलेरियाचा मच्छर बसतो तशी. मी पाहिलं. आबांनीही पाहिलं. हात हलवला नाही की फुंकर मारली नाही. पोट भरून ती उडून गेली आणि दंडावर गांधी उठली.

"आबा, चावलं का?"

"नही साहेब. माशी शे. गुदगुल्या करस."

इन्स्पेक्टरनं माझ्याकडे पाहिलं. तज्ज्ञ मी होतो. मी म्हणालो, "माशीच आहे." हेडक्लार्कनी 'निरंक' लिहिलं, इन्स्पेक्टर पंप घेऊन परत गेला, आणि रोपं वाचली. मला त्या रात्री फार आनंद झाला होता, हे लपवत नाही.

पंधरा दिवसांनी साहेब रोपं पाहायला यायचे होते. त्या दिवशी भर दुपारी रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. आबा कुठे दिसेनात म्हणून मी काचघराचं दार उघडलं. आतली वाफ तोंडावर आली. कुंड्यांच्या मधे आबा घोंगडी पांघरून बसले होते. दात कडाकडा वाजत होते, आणि एका हातानं ते झारी धरून होते.

मी खाली बसलो. शरमेनं मला त्यांच्याकडे बघवेना. "आबा, चला दवाखान्यात. मी खरं सांगून टाकतो."

"काही सांगू नका, भाऊ. इचारं तं सांगा, सोनगीरले चावना." म्हणजे मच्छर चावला तो काचघरात नव्हे, गावी घरी. मग त्यांनी घोंगडी गळ्याशी ओढली आणि वर काचेकडे बघितलं. "बाहेर लई थंडी वाजस. आठे बरं वाटस."

साहेबांनी रोपं पास केली, आबा कायम झाले. मलेरियावाल्यांनी सोनगीरला जाऊन त्यांचं घर फवारलं. आणि त्या काचघराचा ज्याला खराखुरा उपयोग झाला असा माणूस, माझ्या सगळ्या नोकरीत, मी तो एकच पाहिला.