एका हाताचा रिमोट

पोरं मोबाइलवर खेळायला लागली तरी पनवेलच्या बाजारात एक जण जुने व्हिडिओ गेमच दुरुस्त करत बसायचा. मशीन ठेवलं की आधी विचारायचा, "खेळतो कोण?" उत्तर मिळेपर्यंत स्क्रूला हात लावायचा नाही.

"माझा मोठा भाऊ," मी सांगितलं. "न्हावा शेवा बंदरात कंटेनरच्या दारात उजवा पंजा गेला. तेव्हापासून नुसता भिंतीकडे बघत असतो."

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, आणि तो झालो त्याच हाताच्या कमाईवर. हे मात्र मी बोललो नाही.

पुढच्या रविवारी तो दुरुस्तीवाला स्वतः आमच्या घरी आला. रिमोटची उजवीकडची बटणं त्याने डाव्या बाजूला, मागून बसवली होती; डाव्या हाताच्या बोटांना नेमकी लागतील अशी. मशीन टीव्हीला जोडून त्याने तो रिमोट भावाच्या हातात दिला आणि स्वतः दुसरा घेऊन त्याच्याशी खेळायला बसला.

भाऊ हरला. पुन्हा हरला. मी दुरुस्तीवाल्याला डोळ्यांनी खुणावलं, एकदा तरी हर.

"मुद्दाम हरू काय?" तो मोठ्यानेच म्हणाला. "हात गेलाय त्याचा, डोकं नाय. त्याला कळत नाय काय?"

मग तो जायला उठला.

"ए, बस खाली," भाऊ खेकसला. "मी जिंकल्याशिवाय जायचं नाय."

तो परत मांडी घालून बसला.