ज्या कुशीवर होता त्याच कुशीवर

"दगड उचललास ना, मग तो ज्या कुशीवर होता त्याच कुशीवर परत निजव," असं मावशी कॉलेजात नव्याने आलेल्या प्रत्येकाला दरडावायच्या.

जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्या परिचर होत्या. बरण्या धुणं, टेबलं पुसणं हे पगाराचं काम. इमारतीमागच्या खडकाळ पट्ट्यातल्या सापसुरळ्यांची नोंद ठेवणं हे बिनपगारी. जुन्या सरांचे गुडघे गेले तेव्हा ते म्हणाले, "जरा बघून या हो." त्या बघून आल्या, आणि बावीस वर्षं बघतच राहिल्या. नवरा चिडवायचा, "माझा ताप हिला दोन दिवसांनी कळतो. तिकडे सुरळीने कात टाकली की लगेच कळतं." "तू दगडाखाली राहून बघ," त्या म्हणायच्या.

नऊच्या सुमारास दगड तापले की सुरळ्या मान बाहेर काढतात. ऊन चढलं की खोल फटीत जातात, हाताला लागत नाहीत. घाबरल्या तर शेपूट तोडून टाकतात. ते वळवळत राहतं, बघणारा त्यातच अडकतो आणि सुरळी निसटते. मादी अंड्यांना वेटोळं घालून पडते. दगड हलवला की अंडी सोडून पळते, आणि दगड उलटाच राहिला तर पुन्हा येत नाही. सगळं वह्यांत होतं, मावशींच्या गिचमिड अक्षरात.

त्या पट्ट्यावर आता गाड्या लावायच्या होत्या. तिथे काही जगत नाही असा अहवाल हवा होता, आणि वह्या मावशींच्या, म्हणून सहीही त्यांची हवी होती. बुधवारी प्राचार्यसाहेबांनी बोलावलं.

"बसा मावशी. इथे सही."

"काय लिहिलंय?"

"तुमच्या सुरळ्या बिऱ्हाड हलवून गेल्यात," हेडक्लार्क म्हणाला आणि स्वतःच हसला.

"पाहणी कधी केलीत?"

"सोमवारी दोन वाजता," साहेब म्हणाले. "दहा माणसं लावली. एक दगड सरळ ठेवला नाही."

ते मावशींना ठाऊक होतं. सोमवारी संध्याकाळी त्यांनीच ते दगड एकेक करून, मोजत परत निजवले होते, अंधार पडेपर्यंत. एका खळग्यात पाच अंडी उन्हाने सुरकुतली होती, मुंग्या लागल्या होत्या. त्यांनी ती हातात घेतली नव्हती. घ्यायला काही उरलं नव्हतं.

"दोन वाजता त्या दगडावर तुम्ही तरी बसाल का, साहेब?"

"मावशी, तुम्ही बरण्या धुता. शास्त्र मला शिकवू नका. प्राणी दिसला नाही म्हणजे नाही."

"शेपट्या होत्या की," हेडक्लार्क सहज बोलून गेला. "चारेक. नुसत्या वळवळत होत्या. आम्ही बघतच बसलो. पण प्राणी काही नव्हता."

साहेबांनी त्याच्याकडे डोळे वटारले. बावीस वर्षं यांच्या काचा आपण स्वच्छ केल्या, आणि या माणसांना शेपटीला मालक असतो एवढंही दिसेना. ओरडावं, टेबल उलटं करावं आणि तसंच टाकून जावं, असं मावशींना वाटलं.

"तुमच्याच्याने सही होत नसेल तर दुसरं कुणी करेल," साहेब म्हणाले. "पण मग प्रयोगशाळेत तुमची गरज काय, तेही बघावं लागेल."

मावशींनी पेन उचललं. 'आढळलेले प्राणी : शून्य' या ओळीखाली कोरी जागा होती. तिथे त्यांनी, वह्यांत लिहायच्या तसंच, सावकाश लिहिलं :

'पाहणीची वेळ : दुपारी दोन. उलटलेले दगड : एकशे चौदा. पाहणी करणाऱ्यांनी परत ठेवलेले : एकही नाही. मेलेली अंडी : पाच. तुटून वळवळणाऱ्या शेपट्या : चार, हेडक्लार्कांनी स्वतः पाहिल्या.'

खाली सही केली. पूर्ण नावाने, तारखेसकट.

साहेब कागद ओढून वाचायला लागले. हेडक्लार्कचं हसू ओठावरच वाळलं. मावशींनी पेनाचं टोपण लावलं, पेन होतं तिथेच, होतं तसंच आडवं ठेवलं, खुर्ची मागे सारून पुन्हा टेबलाला लावली आणि बाहेर पडल्या.