वंदना संपेपर्यंत उघडं राहिलेलं शटर

साळवे बाईंची आणि माझी पहिली ओळख भरदुपारी अंधारात झाली. सत्तरच्या दशकातली गोष्ट. बाई तीर्थपुरीला विज्ञान शिकवायला नव्याने आल्या होत्या, मी नववीत होते. वर्गात येताच त्यांनी खिडक्या बंद करवल्या, फटींना गोणपाट लावलं आणि दाराला पडलेलं एक बारीक भोक तेवढं उघडं ठेवलं. समोरच्या भिंतीवर अंगणातलं लिंबाचं झाड उलटं लटकलं, आणि त्याला बांधलेली शेळीसुद्धा! एकच गलका झाला. बाई म्हणाल्या, "ओरडू नका गं, शेळी भिऊन जाईल." त्या दिवशी मी बाईंची झाले, ती आजतागायत.

आज बाई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या अध्यापनाविषयी या गौरवग्रंथात जाणती मंडळी लिहितीलच. मी लिहिते आहे ते रात्रीच्या फोटोंबद्दल. ज्या कॅमेऱ्यावर माझं पोट चाललं, तो बाईंनीच पहिल्यांदा माझ्या हाती दिला, आणि तोही रात्री.

वडील मी लहान असतानाच गेलेले. घरात मी आणि माय, दोघीच. ताऱ्यांचे फोटो काढायला बाईंबरोबर रात्री बाहेर पडायचं म्हटल्यावर मायने साफ सांगितलं, "पोरीला एकटी न्हाई धाडणार. मी येते संगं." दिवसभर दुसऱ्याच्या रानात खुरपून आलेली माय भाकर खाऊन, कंदील घेऊन आमच्याबरोबर निघायची. बाई तिला अक्का म्हणत. शिकणं माझं आणि जागरण तिचं.

बाईंची शिकवण्याची रीत ठरलेली होती. आधी डोळे अंधाराला सरावेपर्यंत गप बसायचं. मग पालथ्या घमेल्यावर वाळूची पिशवी ठेवून तिच्यात कॅमेरा रुतवायचा. तिपाई आमच्याकडे कुठली! शटरची तार दाबून धरली की ते उघडं राही आणि थोडा थोडा उजेड फिल्मवर साठत जाई. रस्त्याने ट्रक आला की भिंगापुढे काळा पुठ्ठा धरायचा. मी भारी उतावळी. "झालं का बाई?" म्हटलं की बाई म्हणत, "भाकर टाकली की लगेच उलटतेस का? दम धर जरा."

अंधारात घड्याळ दिसायचं नाही, म्हणून वेळ मोजायला बाईंनी त्रिशरण धरलं होतं. आपल्या बौद्ध घरांत ते लहान लेकरालाही पाठ. तेवढ्या वेळात तारे टिपक्यांसारखे येत. बाईंनी बजावलं होतं, वंदना मनात म्हणायची आणि ती संपल्याशिवाय तार सोडायची नाही.

पहिल्यांदा तार माझ्या हाती आली ती आमच्याच घरासमोर. माय कंदील बारीक करून ओट्यावर बसली होती. घाबरून मी त्रिशरण मोठ्यानेच म्हणू लागले. कानावर शब्द पडताच मायने हात जोडले. माझं त्रिशरण संपलं, पण माय कुठली थांबते! ती सावकाश, सूर लावून पंचशीलात शिरली, तिथून पुढच्या गाथांत. मी बाईंकडे पाहिलं, तर त्यांनीही हात जोडून डोळे मिटलेले! आता चालू वंदनेत कोण कुणाला अडवणार? मी तार धरून बसले. बोट बधिर झालं.

रोल धुतला तर एकही तारा टिपक्याचा नाही, आभाळभर नुसत्या रेघा. मला रडूच कोसळलं. बाई मात्र हरखून गेल्या. "अगं, तारे चालून राह्यले बघ! अक्कांमुळं दिसले." खाली ओट्यावर माय होती. जोडलेले हात अगदी स्पष्ट. चेहरा तेवढा पुसट, कारण वंदना म्हणताना ती मान डोलवायची.

"अक्का, एक फोटो दिवसा नीट काढू," असं बाई कितीदा म्हणाल्या. "फोटो टांगायला मी मेले का काय?" असं म्हणून माय हसून उडवून लावी. पुढच्या उन्हाळ्यात ती तापाने गेली. मागे राहिला तो एवढाच फोटो.

त्यानंतर बाईंनी आपलं न्हाणीघर अंधारं करून, तो चेहरा निघावा म्हणून कागदामागून कागद धुतले. कधी फिकट, कधी गडद. मी बाहेर बसून असायचे. शेवटी एकदा त्या ओल्या हातांनी बाहेर आल्या. "न्हाई गं येऊन राह्यला चेहरा. फिल्मवरच न्हाई, मंग मी कुठून आणू?" आणि माझ्याआधी त्याच रडल्या.

शाळा संपल्यावर बाईंनी मला जालन्यात एका स्टुडिओत चिकटवून दिलं. आज माझा स्वतःचा स्टुडिओ आहे. कितीजणींच्या आया माझ्यापुढे स्टुलावर बसून गेल्या. "मावशी, हनुवटी जरा वर," म्हणताना आजही जीव तुटतो. जालन्यात आता धड अंधार नाही की धड तारे नाहीत. त्या रात्री परत मिळाव्यात, माय कंदील घेऊन पुढे चालावी, असं फार फार वाटतं.

अलीकडे मायचा चेहरा आठवू गेलं तर कधी डोळे सापडतात, कधी नाक; सगळं एकत्र काही येत नाही. मग मी बदनापूरला बाईंचं घर गाठते आणि विचारते, "बाई, माय कशी होती?" बाई कधी कंटाळत नाहीत. "हनुवटीवर गोंदण होतं. हसली की तोंडावर पदर घ्यायची. आन् तुझ्यासारखी न्हाई, चांगली देखणी होती!"

अशा प्रसंगी शतायुषी व्हा म्हणण्याची रीत आहे. मीही म्हणते, पण माझ्या म्हणण्यात धडधडीत स्वार्थ आहे. बाई, गोळ्या वेळेवर घ्या, दुखऱ्या गुडघ्यांनी जिना चढू नका आणि खूप खूप जगा. माझ्या मायला डोळे भरून पाहिलेलं आता तुमच्याशिवाय कुणी उरलेलं नाही.