सुभद्राचं इंग्रजी नाव

चिखलीत सुभद्राबाईला सुभद्रा म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. ती सातवीत असताना शंकरराव सरांनी फळ्यावर एक इंग्रजी शब्द लिहिला. टीज म्हणजे चिडवणं. मग म्हणाले, या शब्दाचा जुना अर्थ पिंजणं. लोकर, कापूस ओढून ओढून तंतू न् तंतू सुटा करायचा. "सुभद्रे, तुझा बाप दिवसभर काय करतो गं?"

बाप गाद्यांचा कापूस पिंजायचा. वर्ग हसला. सुभद्राही हसली, कारण न हसणाऱ्याला जास्त हसतात हे तिला तेव्हाच कळलं होतं. त्या दिवसापासून ती टीज. पुढे नवऱ्यानेही तेच नाव उचललं. तो वारला तेव्हा भेटायला आलेल्या बायका "टीज कुठं हाय?" असं विचारतच दारातून आत आल्या.

तिच्या मुलीला, प्रतीक्षाला, पाहायला उंद्रीची माणसं येणार, त्याच्या आदल्या दिवशी सुभद्राबाई गल्लीत घरोघर फिरली. "उद्याच्या दिस मले नावानं हाक मारजा. पोरीच्या सासरी हे जाऊ देऊ नका." गल्लीने शब्द पाळला. सरांना मात्र, चार शब्द बरे बोलतील म्हणून तिने मानाने बोलावलं होतं, आणि त्यांना हे सांगायला तिची जीभ उचलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांसोबत चहा घेताना सर म्हणाले, "साखर कमी ना, टीज?"

मुलाची आई जनकाबाई थबकली. "हे काय नाव?"

मुलाच्या भावाने मोबाइलवरून मान वर केली. "पोरीले छेडतात ना, त्याले म्हनतात टीज. पेपरात येते."

"मंग यायनं कोनाले छेडलं?" जनकाबाईने सुभद्राबाईकडे बोट दाखवत विचारलं.

बैठक खदखदून हसली. सरांना चुकीचा अर्थ सहन होईना. त्यांनी गादीच्या उसवलेल्या कोपऱ्यातून कापूस ओढला आणि बोटांनी पिंजत नीट समजावलं. "आधी हे. मग माणसाला असं करणं. निव्वळ गंमत."

जनकाबाई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. माणसं मोकळी आहेत म्हणाली. तिथेच पसंती झाली, सुपारी फुटली.

निघताना तिने प्रतीक्षाची हनुवटी धरली. "येतो मंग, बारकी टीज."

सगळे हसले. सुभद्राबाईने पोरीकडे पाहिलं. प्रतीक्षा सगळ्यांच्या आधीच हसली होती. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं.