प्रगतिपुस्तक बघायला
तलाक झाला तेव्हा मुलगी सहावीत होती. कोर्टानं ताबा तिच्या वडिलांना दिला, त्यामुळं ती सांगलीतच राहिली. मी साताऱ्याला भावाकडं आले आणि शिवणकाम धरलं. महिन्यातून एका रविवारी भेट. अभ्यासाचं विचारलं की ती म्हणायची, चांगलं चाललंय, आणि दुसरंच काही बोलायला लागायची.

म्हणून एका शनिवारी पहाटेच्या एसटीनं तिच्या शाळेत गेले. प्रगतिपुस्तक बघायचं होतं, एवढंच. क्लार्कनं रजिस्टर उघडलं. "आवं बाई, आमच्याकडं वडिलांचाच नंबर हाय. कोर्टाचा कागद आणा." माणूस वाईट नव्हता. बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. मी परत फिरले.

पुढच्या महिन्यात कोर्टाच्या निकालाची झेरॉक्स घेऊन गेले, तर मुख्याध्यापिका रजेवर. तिसऱ्या खेपेला त्या भेटल्या. त्यांनी कागद दोनदा वाचला. ताबा कुणाकडं, भेट कधी, सगळं होतं. शाळेबद्दल एक ओळ नव्हती.

"आईला माहिती देऊ नका असं यात कुठं लिहिलेलं नाही," त्या म्हणाल्या. "अर्ज द्या."

अर्ज दिला, प्रगतिपुस्तक हातात आलं. गणित घसरलेलं. खाली वर्गाच्या बाईंचा शेरा: फळ्यावरचं दिसत नाही, डोळे तपासून घ्यावेत. त्याखाली तिच्या वडिलांची सही, चार महिन्यांपूर्वीची. राग आला नाही. दिवसभर दुकानात उभा राहणारा माणूस, न वाचताच सही केली असणार. मीही कधी केली असेल.

भेटीच्या रविवारी तिला चष्म्याच्या दुकानात नेलं. वाटेत ती खाली बघत म्हणाली, "अम्मी, तू शाळेत आलीवतीस ना? मुली विचारत होत्या, ह्या कोण."

"मग काय सांगितलंस?"

"मावशी."

मी तिचा हात तेवढा धरून ठेवला.

संध्याकाळी तिला सोडायला गेले, तर वडिलांनी तिच्या नाकावरचा चष्मा बघून विचारलं, तुला कसं कळलं. मी सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं."

आता शाळेचे मेसेज मलाही येतात. पालकसभा शनिवारी असते. दोनदा गेले, दोनदा जमलं नाही.